गॅस गिझर मध्येच विझतो? आधी घड्याळ लावून बघा

डिसेंबरात जळगाव-धुळ्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरला, की डोक्याला साबण लागलेला असतानाच गिझर विझतो. आतून हाक येते, बाहेरून कुणीतरी "काय व्हयनं?" म्हणत नळ उघड-बंद करत बसतं. बंबाच्या काळात बरं होतं, दोन पऱ्हाट्या जास्त सारल्या की भागायचं. गिझर तसा ऐकत नाही. पण पेटल्यावर किती वेळाने विझला एवढं नीट मोजलं, तर दुखणं कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं.

गॅसचा वास येत असेल तर मात्र मोजत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचून राहतो.

वास नाही, पण गिझर पेटतच नाही? नळ सोडून कान द्या. टिकटिक ऐकू येत नसेल किंवा मरगळलेली येत असेल, तर खालच्या डबीतले दोन जाड सेल बदला. दोन्ही एकदम, एकाच कंपनीचे. एक जुना-एक नवा ही काटकसर इथे महागात पडते. सेलच्या पट्टीवर हिरवट-पांढरा गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून काढा.

नवे सेल घालूनही टिकटिक नसेल, तर पाण्याचा दाब बघा. पाण्याच्या जोराने आतला रबरी पडदा सरकतो, तेव्हा कुठे ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. गरम पाण्याच्या नळाखाली १५ लिटरची बादली लावा. भरायला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर धार अपुरी आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येईलच असं नाही, त्यामुळे टाकी तळाला गेलेली असते. ती भरलेली असूनही धार बारीकच असेल तर थंड पाणी आत येतं तिथली जाळी काढा. आधी गॅस, मग पाण्याचा कॉक बंद करा, सेल काढा आणि पान्याने नट सैल करा. आमच्या जाळीवर मीठ थापल्यासारखा क्षारांचा थर होता आणि मधोमध टाकीतून आलेलं चिंचेचं पान. बोअरच्या पाण्याला हे नेहमीचंच. व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवायची, जुन्या टूथब्रशने घासायची, की झालं.

पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर ज्योत लागली हे गिझरला कळतच नाही. बर्नरपाशी दोन बारीक दांड्या असतात, एक ठिणगी टाकते, दुसरी ज्योत ओळखते. गॅस बंद, सेल बाहेर, गिझर गार, एवढं झाल्यावर झाकण उघडून दुसऱ्या दांडीवरची काजळी हलक्या हाताने पुसा आणि तिची वायर घट्ट बसली आहे का बघा.

जुन्या गिझरला कायम पेटता पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत असते. त्याच्या ज्योतीत थर्मोकपलचं टोक तापतं, त्यातून जेमतेम २०-३० मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. म्हणून पायलट पेटल्यावर नॉब अर्धा मिनिट तरी दाबून धरा. ज्योत टोकाला वेढत नसेल तर पायलटचं भोक तुंबलंय. कोळ्याचं जाळं असतं, नाहीतर जिनिंग मिलजवळ राहणाऱ्यांकडे कापसाचे तंतू. सायकलच्या पंपाने हवा मारा. सुई घालू नका, भोक मोठं होतं. ज्योत चांगली असूनही नॉब सोडताच पायलट विझला, तर थर्मोकपल बदलून घ्यायचं.

पाच-सात मिनिटांनी विझत असेल तर सिलिंडर संपत आलाय का बघा. गिझर शेगडीपेक्षा कितीतरी जास्त गॅस ओढतो. त्या ओढीने सिलिंडर गारठतो, बाहेरून दव धरतो आणि थंडीत दाब पडतो. त्यावर गरम पाणी ओतायचा उद्योग नको, दुसरा सिलिंडर लावा. पाणी फार तापलं तरी गिझर स्वतःहून बंद होतो. भुसावळच्या मे महिन्यात टाकीतलंच पाणी चटके देतं, तेव्हा त्याच्या नावाने ओरडण्यात अर्थ नाही. बरोबर २० मिनिटांनी बंद झाला, तर बऱ्याच गिझरमध्ये तेवढाच टायमर असतो. नळ बंद करून पुन्हा सोडा.

आता ज्यात जीव जातो ते. गिझर बाथरूममध्येच असेल, दार-खिडकी बंद असेल आणि ज्योत निळी सोडून पिवळी, लांबडी होत असेल, तर खोलीतला ऑक्सिजन कमी पडतोय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. अशा वेळी गिझर विझला तर पुन्हा पेटवू नका, आधी बाहेर या. सारखा विझतो म्हणून एका मेकॅनिकने धोक्याच्या वेळी गिझर बंद करणारा आमचा सेन्सर "डायरेक्ट" करून दिला होता, म्हणजे तो मधून काढून वायरी थेट जोडल्या होत्या. गिझर मस्त चालायला लागला, आम्ही खूश. त्याने काय करून ठेवलं होतं हे पुढे दुसऱ्याने झाकण उघडल्यावर कळलं. असं कुणालाही करू देऊ नका. गिझर बाथरूमबाहेर, मागच्या भिंतीवर लावा, फक्त वाऱ्याच्या थेट झोतात नको, नाहीतर झुळकेसरशी विझायची नवी तक्रार सुरू होईल.

सगळं जागेवर बसवल्यावर गॅस सोडा आणि जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गॅस बंद करून मेकॅनिकला बोलवा. नाही फुगले तर पेटवा, आणि हात तिथेच आहे तोवर केशरी नळीवरची तारीख वाचा. पाच वर्षं उलटली असतील तर नळीही बदला.