अचानक कोंबड्या पदरात पडल्या तर

गेल्या वैशाखात शेजारच्या आजी कायमच्या मुलाकडे राहायला गेल्या. जाताना घराची किल्ली आणि चार गावरान कोंबड्या माझ्या हवाली केल्या. "तांदूळ टाकत जा गो, बाकी त्या बघतात त्यांचं," एवढंच सांगितलं. दिवसा त्या खरंच स्वतःचं बघतात. रात्रीचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं. मला ते तिसऱ्या दिवशी पहाटे कळलं, खुराड्याबाहेर पसरलेली पिसं बघून. तीनच उरल्या होत्या.

कुणी गाव सोडलं म्हणून, किंवा नवसाची कोंबडी कापायचं जिवावर आलं म्हणून, तुमच्याही दारात अशा कोंबड्या आल्या असतील तर आधी रात्रीची सोय करा. दाणापाणी, अंडी, औषधं हे सगळं त्यानंतर.

पहिली संध्याकाळ

कोंबड्या अंधार पडल्यावर हलवा. त्यांना अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे फडफड न करता हातात येतात. दोन्ही पंख अंगाशी धरून उचला, पायाला धरून उलटं लटकवू नका. खुराडं तयार नसेल तर एक-दोन रात्री डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकून घरात, निदान पडवीत ठेवा आणि डालग्यावर जड दगड ठेवा.

पुढचे पाच-सहा दिवस त्यांना बाहेर सोडू नका. कोंबडी जागा धरते. मी दुसऱ्याच दिवशी सोडल्या, तर तिन्हीसांजेला काळी कोंबडी आजींच्या बंद दारापाशी जाऊन मान आत घेऊन बसलेली. तिला उचलून आणताना पोटात तुटलं. आत ठेवून तिथेच दाणापाणी दिलं की आठवड्याभरात नवं घर त्यांच्या डोक्यात बसतं. मग आधी संध्याकाळचा तासभर सोडा. दिवेलागणीला त्या आपसूक परततात.

खुराडं

रात्रीपुरती एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट जागा पुरते. दिवसभर कोंडायचं असेल तर आठ-दहा चौरस फूट लागते. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर दोन इंच जाडीचा बांबू आडवा बांधा. कोंबडी उंचावर बसून झोपते, खाली विष्ठेत बसली तर आजारी पडते.

जाळी घेताना षटकोनी भोकांची पातळ जाळी घेऊ नका, कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी महाग पडते, पण तीच घ्या. मुंगूस दिवसा येतं, उदमांजर आणि रानमांजर रात्री, साप अंड्यांसाठी कधीही. आमच्याकडे पाणी जायला ठेवलेल्या भोकातूनच काहीतरी आत शिरलं होतं. म्हणून काम झाल्यावर खुराड्याभोवती फिरून बघा. जिथून तुमची दोन बोटं आत जातात, ते भोक बुजवा. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा अडकवा.

खाली दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा. पावसाळ्यात ते ओलं राहिलं की रक्ती हगवण लागते, म्हणून ओला भाग रोज काढून कोरडं तूस टाका. दिवसा अंघोळीला एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख द्या. त्यात लोळून त्या अंगावरच्या उवा-पिसवा झाडतात.

दाणापाणी

मोठ्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाणं लागतं. परसात चरणारी निम्म्याच्या आसपास स्वतः मिळवते. उरलेल्यात कणी, ज्वारी-बाजरी, शेवग्याचा पाला आणि थोडं अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य द्या. हे तयार खाद्य पिल्लांना मात्र घालू नका, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. बुरशी लागलेलं धान्य किंवा शेंगदाण्याची पेंड कुणालाच नको, त्याने कोंबडी दगावू शकते. कवच मऊ येऊ नये म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.

पाणी दिवसातून दोनदा बदला. कोंबडीला घाम येत नाही. उन्हात चोच उघडून पंख अंगापासून लांब धरले की समजा, तिला सावली आणि गार पाणी लगेच हवं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खुराड्यावर ओली गोणपाटं टाकाच.

लस

गावात "मर आली" म्हणतात ती बहुतेकदा राणीखेत, म्हणजेच मानमोडी असते. हिरवी हगवण, धाप, वाकडी मान अशी तिची लक्षणं. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात, आठ आठवड्यांनंतर याच रोगाच्या आर टू बी लसीचं इंजेक्शन देतात. एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि ती बर्फातच आणावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी लस टोचून घ्या, शेजारच्या कोंबड्याही वाचतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात जाऊन या.

एकदम दोन-चार मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हापासून हे टाळण्यासारखं राहिलेलं नाही. एरवीही खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवा.

अंडी आणि खुडूक

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. आठवडी बाजारातल्या रंगवलेल्या पिल्लांकडून अंड्यांची आशा धरू नका, ती बहुतेक नर असतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60-70 अंडी देते, तीही सलग नाही. दहा-पंधरा झाली की खुडूक होते, म्हणजे जागा सोडत नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. ती आजारी नाही, तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसायचं आहे.

पिल्लं हवी असतील तर एका अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा घालून तिच्याखाली दहा-बारा ताजी अंडी ठेवा. दाणापाणी हाताशी ठेवा, ती दिवसातून एकदाच उठते. सातव्या रात्री अंडं बॅटरीच्या उजेडात धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नितळ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी कवचाला टवका पडतो. तिथून पिल्लू बाहेर यायला कधी कधी पूर्ण दिवस लागतो. आपण कवच सोलून मदत करायची नाही, रक्तस्राव होतो. माझ्या काळीने आषाढात नऊ काढली. रात्री डालगं झाकताना तिच्या पंखांखालून नुसते चिवचिव आवाज येत होते.