घरच्या घरी गिटार आणि गाणं रेकॉर्ड करताना

गिटारवर मराठी गाणी गाणारे बरेच जण घरी केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे मिक्सिंगला, म्हणजे गळा आणि वाद्य यांचा तोल साधायला, पाठवतात. गिटार चांगली वाजलेली असते, गळाही सुरेल असतो, पण शब्द नीट कळत नाहीत. आपलं गाणं शब्दांवर उभं असतं. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी हेच सांगते, की माईक कुठे ठेवायचा इथपासून रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागचा घुमारा, किती द्यायचा इथपर्यंत प्रत्येक गोष्ट शब्द ऐकू येण्याच्या हिशोबानं ठरवा.

सामानाचा फार बाऊ करू नका. दोन इनपुटचा आणि ४८ व्होल्ट फँटम पॉवर (कंडेन्सर माईकला लागणारी वीज) देणारा इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), एक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक, पक्का स्टँड, पॉप फिल्टर (माईकसमोरची हवेचा झोत अडवणारी जाळी) आणि कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन एवढ्यात काम होतं. घर रस्त्यालगत असेल तर बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या नाजूक कंडेन्सर माईकपेक्षा श्युअर एसएम ५८ सारखा दणकट डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून गायलेलं बरं, कारण जवळून गायल्यावर गेन (माईकचा आवाज वाढवायचं प्रमाण) कमी लागतो आणि आजूबाजूचा आवाज कमी येतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या, ६० दिवस वापरून बघता येतं. त्याच्या सेटिंगमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सगळ्यात जोरात गायलेली ओळ मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन द्या.

खोलीवर मात्र वेळ घालवा. आपल्याकडे खाली गुळगुळीत फरशी आणि चारी बाजूंना उघड्या भिंती. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, मागे टणटणाट ऐकू आला तर तोच तुमच्या प्रत्येक शब्दाला चिकटणार. बरेच जण माईकच्या मागे फोम लावतात, पण कार्डिऑइड माईक पाठीमागचं फार कमी ऐकतो. तो बघत असतो तुमच्याकडे आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. त्यामुळे जाड गोधड्या टांगायच्या त्या गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याला पाठ करून बसलात तरी खूप फरक पडतो. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार बंद. हेडफोनमध्ये बारीक गुणगुण ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. अर्थिंग नीट नसलेल्या घरांत बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. मला स्वतःला पहाटेची, नळाला पाणी यायच्या आधीची वेळ सगळ्यात मानवते.

पावसाळ्यात गिटारचं लाकूड ओल धरतं, तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जातात आणि नाद दबतो. गिटार केसमध्ये सिलिका जेलसह ठेवा. नव्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवा, म्हणजे त्या ताणून स्थिरावतात. आणि प्रत्येक टेकच्या (एका सलग रेकॉर्डिंगच्या) आधी सूर तपासा, कंटाळा करू नका.

गिटारसाठी माईक साउंडहोलसमोर ठेवायचा मोह होतो, कारण तिथे आवाज मोठा असतो. पण पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ती घुमघुम नेमकी पुरुषाच्या आवाजाच्या तळाशी जाऊन बसते. माईक बाराव्या फ्रेटसमोर, वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. मग हेडफोन लावून एकच कॉर्ड वाजवत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी माईक हळूहळू सरकवायला सांगा. साउंडहोलकडे दोन बोटं सरकला की खर्ज फुगतो, हेडकडे सरकला की तारांची सळसळ आणि बोटांची घसट वाढते. मधे एक जागा अशी येते की सहाही तारा सारख्या ऐकू येतात. तिथे स्टँडच्या पायांखाली फरशीवर चिकटपट्टी लावून खूण करा.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: गिटार आणि गाणं एकत्र रेकॉर्ड करायचं की वेगवेगळं? वेगवेगळं केलं तर मिक्समध्ये मोकळीक मिळते, पण क्लिकवर (हेडफोनमधल्या लयीच्या ठोक्यावर) नुसती गिटार वाजवताना ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास, शब्दासाठी रेंगाळलेला हात, सगळं निघून जातं. म्हणून आधी एकाच माईकवर दोन्हींचा एक पायलट टेक (पुढच्या रेकॉर्डिंगला आधार म्हणून कच्चा टेक) घ्या, क्लिक हवा तर ठेवा, आलापीनं सुरू होणारं गाणं असेल तर काढून टाका. मग तो टेक ऐकत गिटार वाजवा, नंतर त्यावर गा. गिटारला एक आणि गळ्याला एक असे दोन माईक लावून एकत्रच करायचं असेल तर लक्षात ठेवा, ३४ सेंटिमीटरला आवाज साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. एकच गळा दोन माईकमध्ये असा मागेपुढे शिरला की शब्द पोकळ होतात. दोन माईकमधलं अंतर माईक आणि तोंड यांच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. तोंडापासून १५ सेंटिमीटर असेल तर दोन माईकमध्ये ४५. नाहीतर सरळ एकच माईक छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा आणि वर-खाली करून तोल साधा. साध्या गाण्याला हे फार छान दिसतं आणि मला ते मनापासून आवडतं.

गाताना आपली व्यंजनं सांभाळावी लागतात. ‘भेट’, ‘फुलं’, ‘घर’, ‘धुकं’ म्हणताना हवेचा झोत येतो आणि माईक धप्प करतो. पॉप फिल्टर तर लावाच, शिवाय माईक नाकाच्या रेषेत थोडा बाजूला घेऊन ओठांकडे वळवा, म्हणजे झोत खालून निघून जातो. ‘चांदणं’, ‘जास्वंद’, ‘झाड’ यांतले दंत्य च, ज, झ आणि सोबतीला स, श यांची सळसळ ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येते. डी-एसर (ही सळसळ दाबणारं साधन) तिथे लावा, पण बेतानं. जास्त झाला की गायकाची जीभ जड झाल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट कुठल्या इंग्रजी व्हिडिओत सापडणार नाही. ‘केलं’, ‘गेलं’, ‘पाखरू’, ‘चांदणं’ असे आपले शब्द मऊ स्वरावर संपतात आणि तो शेवट गिटारखाली बुडतो. कम्प्रेसर (जोरातला आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन) लावण्याआधी प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षराचा आवाज हातानं दोन-तीन डेसिबल उचला. वेळखाऊ काम आहे, पण सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो. मग ३:१ चा (ठरवलेल्या पातळीवरची ३ डेसिबलची वाढ १ वर आणणारा) कम्प्रेसर, जोरात गायलेल्या जागी ३ ते ६ डेसिबल दाबेल एवढाच.

मिक्स सुरू करताना सगळं मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून), अगदी हळू आवाजात ऐका आणि आधी फक्त फेडरनं (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीनं) तोल साधा. गिटारचा ८० हर्ट्झखालचा भाग कापा. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, त्यामुळे काही गमावत नाही. गढूळ वाटलं तर २०० ते ३०० हर्ट्झमधून थोडं काढा. शब्द अजून मागे असतील तर आवाजात चकाकी वाढवत बसण्यापेक्षा गिटारमधून २ ते ४ किलोहर्ट्झचे दोन डेसिबल कमी करा. रिव्हर्बला ३० मिलिसेकंदांचा प्रीडिले (सुरू होण्याआधीचा उशीर) द्या, म्हणजे व्यंजन कोरडं निघून जातं आणि घुमारा त्याच्या मागून येतो.

मग ज्यानं गाणं कधी ऐकलेलं नाही अशा कुणाला तरी ते फोनच्या स्पीकरवर ऐकवा आणि शब्द लिहून घ्यायला सांगा. जिथे तो अडेल तिथे परत जा. स्पॉटिफायसाठी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबलच्या खाली ठेवून फाइल काढा, आणि मूळ टेक दुसऱ्या ड्राइव्हवर जपून ठेवा. वर्षभरानं कान बदललेले असतात, तेव्हा तेच टेक पुन्हा मिक्स करावेसे वाटतात.