जपानी शिकून जपानला नोकरीला यायचंय? मग एन२ च्या पलीकडचंही बघा

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, रानडेला, टिळक विद्यापीठात नाहीतर कुणाच्या तरी घरगुती क्लासला जाणारं एकतरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतंच, त्यामुळे मला दर थोड्या दिवसांनी मेसेज येतो की ताई एन३ झालं, आता जॉब लागेल का. (एन५ ते एन१ या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पातळ्या, एन१ सगळ्यात अवघड.) मी टोकियोत ब्रिज इंजिनिअर आहे, म्हणजे जपानी क्लायंट आणि पुण्याची टीम यांच्या मधे दिवसभर उभी, तेव्हा हे सगळं आयटीपुरतं समजा, केअरगिव्हरचा रस्ता वेगळा आहे.

एन४ पर्यंत मराठी माणसाला फारसं जड जात नाही. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे, आणि आ-का-सा-ता-ना हा वर्णक्रम तर बौद्ध धर्माबरोबर संस्कृतच्या अभ्यासातून तिकडे पोचलेला, त्यामुळे ओळखीचाच वाटतो. खरं दुखणं कांजी (चिनीतून आलेली अक्षरं), रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारने ठरवलेल्याच २१३६ आहेत, त्याला शॉर्टकट नाही. एन२ ला १८० पैकी ९० ला पास, पण तिन्ही भागांत किमान १९ लागतातच, म्हणजे लिसनिंगमधे आपटलात तर बाकीचे मार्क गेले पाण्यात. आणि गंमत म्हणजे या परीक्षेत तोंड उघडायचंच नसतं, प्रत्येक प्रश्नाला दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा, बस! त्यामुळे एन२ चं सर्टिफिकेट हातात आणि फोन वाजला की घाम, असे कितीतरी जण बघितलेत. एन३ पासूनच शॅडोइंग करा, म्हणजे ऑडिओच्या मागोमाग मोठ्याने बोलायचं, घरचे हसले तर हसू दे.

आता केइगो, म्हणजे आदराची जपानी. पुस्तकात तक्ते पाठ होतात पण खरी गोची आतलं-बाहेरचं यात आहे. समजा साहेब तानाका-सान. ऑफिसात नावाला कायम सान, म्हणजे आपल्या 'जी'सारखं, लावायचं. पण क्लायंटचा फोन आला आणि ते जागेवर नसले तर म्हणायचं, 'तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास'. सान गायब, क्रियापदही नम्रतेचं, कारण बाहेरच्यापुढे साहेब आपल्या घरातला आणि घरातल्याला बाहेर मान द्यायचा नसतो. आपल्याकडे पाहुणे आले की साहेबांना उलट जास्तच मान, म्हणून हे जिभेवर बसायला वेळ लागतो. असली पाच-दहा वाक्यं घोकूनच ठेवा, विचार करून बोलायला गेलात तर सान तोंडातून निघतंच.

माझ्या मते याहून महत्त्वाचं म्हणजे होरेनसो, होकोकु-रेनराकु-सोदान, रिपोर्ट करा, कळवा, विचारा. पुण्यातून 'नव्वद टक्के झालंय' असं आलं की मी ते तसंच पुढे पाठवत नाही, कारण क्लायंट पुढच्या मिनिटाला विचारणार की राहिलेले दहा टक्के नेमके कुठले, कोण करतंय, कधी होणार. लेट झालं म्हणून जेवढा राग येत नाही तेवढा शेवटच्या दिवशी सांगितलं म्हणून येतो. अडकल्याचा संशय आला तरी लगेच कळवायचं, उत्तर हातात नसलं तरी. 'होऊन जाईल' हे वाक्य विमानात बसायच्या आधीच सोडून द्या :)

बाकी व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्या, मीटिंगभर टेबलावर ठेवा, दारापासून लांबची खुर्ची पाहुण्याची, ट्रेनमधे फोनवर बोलू नका, हे बघून बघून येतं. शाकाहारी असाल तर मात्र नोमिकाइच्या, म्हणजे ऑफिसच्या खाण्यापिण्याच्या पार्टीच्या, आधीच ठरवणाऱ्याला स्पष्ट सांगा, कारण नुसतं 'मांस नको' म्हटलं तर माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी) घातलेलं मिसो सूप हमखास समोर येतं.

आल्या आल्या काय? झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचं रहिवासी ओळखपत्र, मोठ्या विमानतळांवर तिथेच मिळतं, मग घर ठरलं की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. भाड्याच्या घराला डिपॉझिट वेगळं आणि वर बऱ्याचदा रेइकिन, म्हणजे घरमालकाला भेट, म्हणून पैसे मागतात, ते परत येत नाहीत, तेवढी तजवीज ठेवा. डाळ-पीठ टोकियोतल्या निशि-कासाइला मिळतं, तिथे भारतीय वस्ती आहे.

आणि नोकरी लागली म्हणून एन१ सोडून देऊ नका. हायली स्किल्ड व्हिसासाठी शिक्षण, पगार, वय वगैरेंचे पॉइंट मोजतात, त्यात एन२ चे १०, एन१ चे १५ धरतात. एकूण ७० भरले तर तीन वर्षांनी, ८० भरले तर एका वर्षाने पीआरला (कायम राहण्याच्या परवान्याला) अर्ज करता येतो, नाहीतर साधारण दहा वर्षं थांबा. वय वाढलं की त्याचे पॉइंट कमी होतात, म्हणून हा हिशोब तिशीच्या आतच मांडून बघा.