तालुका कोर्टाचे रेकॉर्ड स्कॅन करताना या चुका टाळा

स्कॅनर आला की पहिल्या महिन्यात पानांचे आकडे झपाट्याने वाढतात. सहाव्या महिन्यात नक्कल विभागातला कारकून पुन्हा शिडीवर चढून रुमाल (प्रकरणांचे कापडात बांधलेले गठ्ठे) सोडताना दिसतो. प्रकरण स्कॅन झालेले असते, पण सापडत नाही. सापडलेच तर समन्सच्या पाठीवरचा बेलीफचा (समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याचा) अहवाल त्यात नसतो. ई-कोर्ट प्रकल्पाचा तिसरा टप्पा २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांचा मंजूर झाला आणि त्यातले २,०३८.४० कोटी स्कॅनिंग व डिजिटायझेशनसाठी आहेत. म्हणजे पैसा आहे, यंत्रही आहे. काम बिघडते ते यंत्राच्या आधीच्या टेबलावर.

नाशपात्र कागद स्कॅन करणे

सर्वांत मोठा अपव्यय इथे होतो, आणि तो दिसत नाही कारण पानांचा आकडा वाढल्याचे सगळ्यांना समाधान असते. सिव्हिल मॅन्युअलप्रमाणे (दिवाणी कोर्टांच्या कामकाजाची नियमपुस्तिका) निकाली प्रकरणाचे अ, ब, क, ड असे भाग पाडायचे असतात आणि प्रत्येक भाग किती काळ जपायचा हे ठरलेले असते. प्रत्यक्षात अनेक जुन्या प्रकरणांचे भाग पाडलेलेच नसतात. सगळे एकाच टॅगमध्ये ओवलेले. ते तसेच स्कॅनरवर गेले, की नाशपात्र, म्हणजे जपण्याची मुदत संपलेला कागदही जपून ठेवायच्या यादीत जाऊन बसतो. २०० पानांच्या दाव्यात ६० पाने नाशपात्र धरली, तर हजार दाव्यांत ६०,००० पाने उगाच साफ केली, स्कॅन केली, तपासली आणि साठवली.

म्हणून क्रम असा ठेवा: वर्गवारी, नाशनाची यादी, परवानगी, नाश, आणि उरलेले स्कॅनिंगला. कोणता कागद कोणत्या भागात जातो ते मॅन्युअलच्या तक्त्यावरून ठरवा, ‘आमच्याकडे असेच करतात’ यावरून नको. नाशनाचे नियम करण्याचा अधिकार १९१७ च्या अभिलेख नाशन कायद्याने उच्च न्यायालयाला दिलेला आहे. ‘स्कॅन झाले, आता मूळ कागद रद्दीत टाकू’ असे कार्यालयाने आपल्या पातळीवर ठरवायचे नसते.

यादीवर सही घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. पहिली, दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे १२ वर्षे मिळतात आणि कायमच्या मनाईच्या हुकूमनाम्याला ती मर्यादा नाही. दाव्याचा क्रमांक आणि दरखास्तीचा क्रमांक वेगळे असल्याने दाव्याच्या रजिस्टरात प्रकरण ‘निकाली’ दिसते आणि दरखास्त मात्र शेजारच्या कोर्टात चालू असते. दुसरी, अपील आणि त्यावरचे दुसरे अपील. तिसरी, पक्षकारांचे मूळ दस्त. खरेदीखते, जुने सातबारे परत नेण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३ नियम ९ मध्ये आहे. तशी सूचना देऊन वाट पाहा.

टाचण्या काढण्याचा वेळ न धरणे

मिनिटाला ६० पाने ओढणारा स्कॅनर २०० पाने चार मिनिटांत संपवतो. तेच प्रकरण सोडून टाचण्या, स्टेपल काढायला, दुमडलेले कोपरे उलगडायला आणि पाने क्रमाने लावायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. त्यामुळे एका स्कॅनरमागे एक माणूस ही मांडणी चुकते. तयारीच्या टेबलावर किमान तिघे-चौघे हवेत, नाहीतर यंत्र बसून राहते आणि घाईत टाचणीसकट कागद आत जातो.

गंजलेली टाचणी ओढू नका. कागदाखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून टोक सैल करा आणि मग काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरांवर उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. तुकडे पडणारे पान पारदर्शक पाकिटात घालून सपाट काचेवर स्कॅन करा. मोजणीचे नकाशे आणि ट्रेसिंग कापडावरचे आराखडे फीडरमध्ये (कागद आपोआप ओढणाऱ्या भागात) घालायचे नाहीत. त्यांना वरून टिपणारा स्कॅनर लागतो.

स्कॅनरच्या सेटिंगमधल्या खोड्या

रिकामी पाने आपोआप वगळण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. ती कशासाठी आहे हे समजते, पण कोर्टाच्या कागदाची पाठ ‘जवळजवळ कोरी’ असते, कोरी नसते. बेलीफचा अहवाल, खरेदीखताच्या मागचा नोंदणीचा शेरा, मुद्रांक विक्रेत्याचा पुसट शिक्का हे सगळे तिथेच असते. दोन्ही बाजू स्कॅन करा. खरोखर कोऱ्या बाजू तपासणीच्या वेळी माणसाने पाहून वगळाव्यात.

पानांच्या शेवटच्या ओळी आणि सह्या कापल्या जात असतील तर आकार ए-४ वर अडकलेला आहे. जुने लेजर पेपर (कोर्टाच्या कामाचा जाड कागद) लीगल मापाचे, सुमारे ३५.६ सेंटिमीटर लांब. ए-४ ची लांबी २९.७. खालचे सहा सेंटिमीटर जातात, आणि तारीख-सही नेमकी तिथेच असते. आकार ओळखण्याची स्वयंचलित सोय चालू ठेवा.

सगळ्या पानांवर एकाच जागी उभी रेघ येत असेल, तर फीडरखालच्या अरुंद काचपट्टीवर डिंक किंवा धूळ बसली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. जुन्या कागदाला हे दिवसातून दोन-तीनदा करावे लागते.

दोन पाने एकत्र गेल्याची सूचना सारखी वाजते म्हणून ऑपरेटर तो सेन्सरच बंद करतो. ही फार महागात पडणारी चूक आहे. सेन्सर बहुतेक वेळा चिकटवलेल्या कोर्ट फी स्टॅम्पवर वाजतो, कारण तिथे कागदाचे दोन थर असतात. स्टॅम्पची पाने वेगळी काढून सपाट काचेवर घ्या. सेन्सर चालूच राहू द्या.

काळे-पांढरे की रंगीत? ३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) ए-४ पान सुमारे २,४८० गुणिले ३,५०८ बिंदूंचे होते. न दाबलेले (फाइलचा आकार कमी न केलेले) रंगीत चित्र २६ एमबी, शुद्ध काळे-पांढरे जेमतेम १.१ एमबी. जागा वाचवायचा मोह इथेच होतो. पण जांभळा अंगठा, निळी सही आणि पेन्सिलचा शेरा काळ्या-पांढऱ्यात एकतर उडतो किंवा डाग होतो. रंगीत ३०० डीपीआय घ्या, दाबून पीडीएफ/ए या दीर्घकाळ जपणुकीच्या स्वरूपात साठवा. पान साधारण अर्ध्या एमबीवर आले तर एक लाख पानांना ५० जीबी लागतात. आजच्या डिस्कला ते काहीच नाही.

नावे आणि क्रमांक

हस्तलिखित रोजनामा (प्रकरणाच्या तारखांवारी कामकाजाची नोंद) आणि जबाब ओसीआरला, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, भरवशाने वाचता येत नाहीत, मोडी तर सोडाच. म्हणून शोध चालणार तो माणसाने भरलेल्या नोंदींवर: प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, पक्षकार, निकालाची तारीख, रुमाल आणि रॅक. २०१० पूर्वीच्या निकाली प्रकरणांना सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट प्रणालीतला प्रकरणाचा एकमेव क्रमांक) नसणे नेहमीचेच आहे. तिथे जुना क्रमांक हाच आधार. ‘१२५/१९९८’ एवढेच लिहिले तर दावा, दरखास्त आणि फौजदारी खटला असे तिन्ही समोर येतात. प्रकार लिहिल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये.

अंक सगळीकडे एकाच लिपीत भरा. एकाने १२५ देवनागरीत आणि दुसऱ्याने इंग्रजी अंकांत भरले, तर साध्या शोधाला ते दोन वेगळे क्रमांक वाटतात. ‘कुऱ्हाडे’ आडनावाची गंमत याहून मोठी. त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकच सापडतो. एक कळफलक ठरवून सगळ्या संगणकांवर तोच ठेवा.

जुन्या न्यायनिर्णयांच्या वर्ड फाइल उघडल्या की ‘iko’ छाप अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. तो फॉन्ट बसवून फक्त मुद्रण जमते, शोध नाही. त्या त्या फॉन्टचा परिवर्तक वापरून युनिकोड करा आणि जोडाक्षरे व रफार मूळ प्रतीशी ताडून पाहा.

हॅश आणि प्रती

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या (इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून देण्याबद्दलच्या) प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू ठसा, लिहावे लागते. ते काढायला एसएचए-२५६ ही पद्धत वापरा. ओसीआर, खुणा, पानक्रमांक हे सगळे आधी आटपा आणि शेवटच्या फाइलचा हॅश काढा. आधी काढून नंतर एक खूण जरी घातली, तरी मूल्य जुळत नाही आणि फाइलमध्ये फेरफार झाल्याचा संशय येतो.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर. सर्व्हरच्याच कपाटात ठेवलेली सुटी हार्ड डिस्क ही इमारतीबाहेरची प्रत मोजू नका. २०१९ च्या सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या चिपळूण-महाड पुरानंतर तळमजल्यावरच्या कपाटाबद्दल वेगळे सांगायला नको. दर तीन महिन्यांनी बाहेरच्या प्रतीतल्या ५० फाइल कुठूनही उचलून उघडा आणि हॅश ताडा.

पॉक्सोची प्रकरणे, बालकांची प्रकरणे आणि पीडितेचे नाव असलेले कागद वेगळ्या परवानगीच्या फोल्डरमध्येच जातील, हे स्कॅनिंगच्या आधीच ठरवा.

रुमाल परत लावताना

हरवलेली वाटणारी बरीच प्रकरणे शेजारच्याच रुमालात असतात. नक्कलेसाठी प्रकरण काढले की त्या जागी जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवा: क्रमांक, कोणी नेले, कोणत्या कामासाठी, तारीख. प्रकरण आले की चिठ्ठी निघते; महिन्याच्या शेवटी रॅकवर उरलेल्या चिठ्ठ्या मोजल्या की थकबाकीची यादी आयती मिळते. सगळ्यांत खालचा खण जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उंच हवा आणि रॅक भिंतीला टेकलेला नको, वाळवी भिंतीतून येते. डांबरगोळ्या घालून कसर जाईल असे मानू नका. खोलीत ओल कमी करणे हाच खरा उपाय.

नवा कागद कमी साठावा म्हणून दैनिक बोर्डाच्या (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीच्या) प्रती किती छापता, तेही एकदा मोजा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० पासून ए-४ कागद दोन्ही बाजूंनी वापरायला सुरुवात केली. आपल्या कार्यालयातल्या प्रिंटरवर मात्र ‘एकच बाजू’ ही सेटिंग कधीतरी कोणीतरी लावून ठेवलेली असते.