दोन लॅपटॉपपैकी कुठला घ्यावा? नंतर काय बदलता येणार नाही ते आधी बघा

कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय, बजेट ठरलंय, शोधाशोध करून दोन मॉडेल उरलीत आणि घोडं तिथेच अडलंय. मग बहुतेक जण दोन्हींची माहिती शेजारी शेजारी ठेवून कुणाचे आकडे मोठे ते बघतात. त्यापेक्षा यातलं काय नंतर बदलता येईल ते तपासा. एसएसडी, म्हणजे फाइल साठवणारी डिस्क, बहुतेक लॅपटॉपमध्ये पुढेमागे मोठी टाकता येते. प्रोसेसर आणि स्क्रीन मात्र जी मिळेल तिच्यावरच पदवी पूर्ण करायची असते.

१. लागणारी सॉफ्टवेअर लिहून काढा. सीनियरना विचारलं की यादी पाच मिनिटांत होते. सॉलिडवर्क्ससारखं इंजिनिअरिंग डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं आहे. ते लागणार असेल आणि दोनपैकी एक मॅकबुक किंवा क्रोमबुक असेल, तर निकाल इथेच लागला. नोट्स, ब्राउझर आणि थोडं पायथन एवढंच काम असेल तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका.

२. प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही जोडी घ्या. नावात एका अंकाचा फरक, दोन्ही ‘रायझन ५’. पण पहिल्यात ४ कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) आणि जुनं झेन २ आर्किटेक्चर (आतली रचना), दुसऱ्यात ६ कोअर आणि झेन ३. एएमडीच्या ७००० मालिकेत आर्किटेक्चर तिसऱ्या अंकावरून कळतं. सुरुवातीचा ७ बघून हुरळून जाऊ नका. इंटेलच्या बऱ्याच मॉडेलांत शेवटचं अक्षर बघा: ‘यू’ म्हणजे वीज कमी खाणारा, ‘एच’ म्हणजे ताकद जास्त, पण तापतोही जास्त.

३. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) किती, यापेक्षा ती वाढवता येते का ते विचारा. ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यात ८ जीबी रॅम भरत येते. ८ जीबी असून एक स्लॉट रिकामा असेल तर हरकत नाही, पुढे भर घालता येते. ८ जीबी आणि तीही बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली असेल, तर ते मॉडेल मी सरळ बाद करेन, मग बाकी कितीही चकचकीत असो. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर’ लिहिलेलं असेल तर रॅम जवळपास नक्कीच सोल्डर केलेली असते. वरचा ७५२०यू याच प्रकारची रॅम वापरतो, म्हणजे तिथे दोन्हीकडून अडचण.

४. स्टोरेजवर फार वेळ घालवू नका. ईएमएमसी हे संथ स्टोरेज टाळा, वेगवान एनव्हीएमई एसएसडी घ्या. २५६ जीबी असली तरी चालेल.

५. स्क्रीन डोळ्यांनी बघा. १९२० × १०८० आणि आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारं) ही किमान अट. जमलं तर दुकानात झाकण मागेपुढे झुकवा. रंग फिके किंवा उलटे दिसू लागले तर पॅनेल बहुधा टीएन, म्हणजे स्वस्तातल्या प्रकारचं आहे. उजेड २५० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) असेल तर खोलीत भागतं, खिडकीपाशी बसलात की डोळे ताणावे लागतात. तिथेच उभ्या उभ्या एक परिच्छेद टाइपही करून बघा.

६. बॅटरीचे तास नको, वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते) बघा. जाहिरातीतले तास बहुतेकदा मंद उजेडात मोजलेले असतात. ४२ वॉट-अवरच्या बॅटरीवर लॅपटॉप सरासरी ७ वॉट खात असेल तर ६ तास मिळतील, हिशेब इतका साधा आहे.

७. एखादा वापरलेला असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का ते तपासा. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

एवढं करूनही दोन्ही सारखेच वाटले तर स्वस्त असलेला घ्या आणि वाढवता येत असेल तर उरलेल्या पैशांत रॅम वाढवा. घरी आणल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती आहे आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. सांगितलेल्यापेक्षा वेगळं निघालं तर परत करायची मुदत संपायच्या आत कळवा.