फुलपाखराचं जीवनचक्र शिकवताना या चुका टाळा

नर्सरी, ज्युनियर केजीच्या मुलांना फुलपाखराचं जीवनचक्र शिकवायचं म्हटलं की बहुतेक जण थेट क्राफ्टवर उडी मारतात, पेपर प्लेटचे चार भाग करा, अंडी म्हणून मणी चिकटवा, अळी म्हणून कापसाचे गोळे, झालं. क्राफ्ट वाईट नाहीये, पण ज्या मुलाने खरी अळी पान कुरतडताना बघितलीच नाही त्याच्यासाठी ते नुसतं गोंद लावणं आहे. म्हणून आधी अळी आणि क्राफ्ट नंतर. आणि हो, तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातात बारीक मणी देऊच नका, नाकातोंडात जातात, मातीचे किंवा कणकेचे गोळे पुरतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मुलांना टिश्यू पेपरमध्ये नाहीतर ओढणीत गुंडाळून 'आता तू कोषात गेलास' असं सांगणं. मुलांना मजा येते हे खरं, पण गोष्ट चुकीची शिकवली जाते. रेशीम कातून स्वतःभोवती गुंडाळून घेतात ते बरेचसे पतंगाचे सुरवंट. फुलपाखराची अळी टेकू मिळण्यापुरतं थोडं रेशीम लावते आणि मग शेवटची कात टाकते, त्या कातडीखाली कोष आधीच तयार असतो. हे दाखवायला सोप्पं आहे, मुलाला तपकिरी टी-शर्टवर एक मोठा हिरवा टी-शर्ट घाला, तो अंग वळवत वळवत वरचा काढून टाकेल आणि आत तपकिरी कोष! अळी मोठी होताना साधारण चार वेळा कात टाकते, तेही याच खेळात बसतं.

दुसरं म्हणजे अळी आणली आणि समोर दिसेल ते पान टाकलं. गोष्टीतली अळी फळं, केक सगळं खात असेल, खरी अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते. लिंबाच्या झाडावर सापडली तर लिंबाचीच पानं द्या, रुईवरची असेल तर रुईची (पण रुईचा चीक डोळ्यांना वाईट, ती पानं मोठ्यांनीच तोडायची). अळ्या पटापट मरत असतील तर आधी पानांवर औषध फवारलेलं होतं का बघा, बहुतेक वेळा तेच निघतं. पानं ताजी राहावी म्हणून डहाळी पाण्यात ठेवताय तर बाटलीच्या तोंडाशी कापूस कोंबा, नाहीतर अळी खाली उतरून बुडते. डब्यात वाफ धरत असेल तर झाकण काढून जाळीचं कापड बांधा, विष्ठा रोज साफ करा, डबा उन्हात ठेवू नका. आणि अंगावर केस असलेला सुरवंट मुलांच्या हातात अजिबात नको, खाज सुटते.

अळी खायची थांबली, हलत नाहीये, म्हणून मुलं काडीने ढोसतात. थांबवा त्यांना, ती बहुतेक कात टाकायच्या तयारीत असते. लिंबावरची अळी तर लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते, आणि कुणी त्रास दिला की डोक्यामागून केशरी-लाल शिंगं बाहेर काढते, उग्र वास येतो. मुलांना हे एकदा दिसलं की ती मुद्दाम डिवचणार, तर तेव्हाच सांगून टाका की ती घाबरली आहे.

वाट बघायला लावायची तर मुलांना काम द्या. उबदार हवेत अंड्यातून अळी तीन ते पाच दिवसांत येते, अळीला दोन-तीन आठवडे लागतात, कोषाला साधारण आठ-दहा दिवस, त्या वयाला हे फारच मोठं वाटतं. रोज अळीच्या लांबीइतकी कागदाची पट्टी कापून तक्त्यावर चिकटवायची, ती वाढतेय हे मुलांना मग स्वतःलाच दिसतं.

फुलपाखरू बाहेर पडायला धडपडतंय म्हणून मदत करायला जाऊ नका. त्याला लटकून पंख पसरायला जागा हवी, जागा नसली तर पंख चुरगळलेलेच वाळतात. बाहेर आल्यावर लालसर-तपकिरी थेंब पडतात, मुलं रक्त समजून घाबरतात, तो कोषातला साठलेला मळ असतो. दोन-तीन तासांनी पंख वाळले की बाहेर सोडून द्या.

आता कोष काळा, मऊ पडला आणि वास यायला लागला तर तो मेलाय. (उमलायच्या आदल्या दिवशीही कोष गडद होतो, पण तेव्हा आत पंखांचे रंग दिसतात.) कधी कधी फुलपाखराच्या जागी बारीक माशी किंवा गांधीलमाशीसारखा किडा बाहेर येतो, कारण त्याच्या आईने अळीत नाहीतर कोषात अंडी घातलेली असतात. मुलांना हे सरळ सांगा, मेलं म्हणजे मेलं. 'झोपलंय' म्हणू नका, आणि कोष म्हणजे अळी आत झोपलीये असंही सांगू नका, आत तिचं अख्खं शरीर बदलत असतं. दोन्हीकडे तोच शब्द वापरला तर मेलेला कोष कधी उठणार म्हणून मूल कितीतरी दिवस डब्याशी येऊन विचारत राहतं.