थर्मामीटर चुकीचं तापमान दाखवतोय? आधी आत कोणता द्रव आहे ते पाहा

थंडी पडली की बातम्या सुरू होतात: ‘निफाडचा पारा घसरला’. पण वेधशाळेत पहाटेचं किमान तापमान ज्या थर्मामीटरने मोजतात, त्यात पारा नसतोच. त्यात अल्कोहोल असतं. पारा असतो तो दुपारचं कमाल तापमान नोंदणाऱ्या थर्मामीटरमध्ये. शब्द रूढ झालाय, त्याला हरकत नाही. मात्र आत पारा आहे की आणखी काही, हे न बघता सगळ्या थर्मामीटरांना एकाच पद्धतीने हाताळलं की घोळ होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं या काचेच्या नळ्यांसोबत गेली. ‘सर, हा बिघडलाय’ म्हणून हातात आलेले बहुतेक थर्मामीटर बिघडलेले नसायचे. ते वापरण्यात चूक झालेली असायची.

तत्त्व शाळेतलंच आहे. फुग्यातला द्रव तापला की प्रसरण पावतो आणि केशनलिकेत वर चढतो. काचही प्रसरण पावते, पण फार थोडी. एक लिटर पारा एका अंशाने तापवला तर साधारण ०.१८ मिलीलिटरने वाढतो, अल्कोहोल सुमारे १.१ मिलीलिटरने. म्हणजे सहापट. म्हणून पाऱ्याची नळी केसासारखी बारीक ठेवावी लागते, आणि अल्कोहोलची लाल रेघ जाड, लांबून दिसणारी असते. दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा: पारा काचेला चिकटत नाही, अल्कोहोल चिकटतं. पुढच्या निम्म्या तक्रारी या एका गोष्टीतून येतात.

लाल रेघ मध्येच तुटली आहे

ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार, आणि बऱ्याचदा ती लक्षातच येत नाही. प्रवासात धक्के बसले, किंवा थर्मामीटर महिनोन्महिने ड्रॉवरमध्ये आडवा पडून राहिला, की रेघेचा एक तुकडा सुटून वर अडकतो. उन्हात टांगलेल्या थर्मामीटरमध्ये आणखी एक प्रकार होतो. अल्कोहोलची वाफ होते आणि नळीच्या वरच्या, थंड टोकाला जाऊन थेंब बनून बसते. वर अडकलेला तुकडा ३ अंशांइतका लांब असेल, तर थर्मामीटर तेवढंच, ३ अंश कमी दाखवतो. द्राक्षबागेत याचा अर्थ काय होतो पाहा: बाहेर ८ अंश असताना आकडा ५ दिसतो आणि माणूस रात्रभर शेकोट्यांची धावपळ करत बसतो. म्हणून आकडा वाचण्याआधी नळी वरच्या टोकापर्यंत नीट न्याहाळा. मी आजही रोज तेच करतो.

दुरुस्ती घरी होते. लाल रेघेचा थर्मामीटर फडक्यात गुंडाळून घट्ट धरा, फुगा बाहेरच्या बाजूला ठेवा आणि हात खांद्यापासून फिरवत झटके द्या. आजूबाजूला टेबल, भिंत काही नको. तुकडा खाली उतरला की थर्मामीटर फुगा खाली ठेवून फ्रीजमध्ये उभा करा आणि काही तास राहू द्या. काचेला चिकटलेला पातळ थर हळूहळू निथळतो. पाऱ्याचा धागा तुटला असेल तर कुटलेल्या बर्फात मीठ मिसळून त्यात फुगा बुडवा. पारा आकसून फुग्यात उतरतो आणि तुटलेली टोकं जुळतात. मेणबत्तीवर किंवा गॅसवर फुगा तापवून रेघ जोडण्याचा उपाय काही जण सांगतात. तो कधीही करू नका. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं; वाफेच्या दाबाने फुगा फुटतो, आणि काच व पेटणारा द्रव दोन्ही अंगावर येतात.

याच चिकटपणामुळे दुसरी चूक होते. गरम जागेतून थर्मामीटर एकदम थंड जागी नेला की अल्कोहोलचा थर भिंतीला राहून जातो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. घाई न करता थोडं थांबायचं.

कमाल-किमान थर्मामीटर

वेधशाळेतला किमान थर्मामीटर जवळजवळ आडवा ठेवलेला असतो. त्यातल्या अल्कोहोलमध्ये एक बारीक दर्शक काडी बुडालेली असते. तापमान उतरताना द्रवाचा पृष्ठभाग तिला मागे ओढत नेतो. तापमान वाढलं की द्रव तिच्या बाजूने पुढे निघून जातो आणि काडी जागेवर राहते. वाचायचं असतं ते काडीचं फुग्यापासून लांबचं टोक. पुष्कळ जण जवळचं टोक वाचतात, किंवा सरळ रेघेचं टोक वाचतात. रेघेचं टोक म्हणजे आत्ताचं तापमान. पाऱ्यात ही युक्ती चालत नाही, कारण पारा काडीला आपल्या आत घेत नाही, बाहेर ढकलतो. कमाल थर्मामीटरमध्ये नेमका ढकलण्याचाच उपयोग करतात: फुग्याच्या तोंडाशी नळी चिंचोळी केलेली असते, पारा जोराने बाहेर पडतो पण आपोआप परत जाऊ शकत नाही. तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर झटकावा लागतो तो याच कारणाने. त्याची वरची मर्यादा ४२ अंश असते, म्हणून तो उकळत्या पाण्याने धुतला तर फुटतो.

शेतात दिसतो तो यू आकाराचा थर्मामीटर, जेम्स सिक्सने १८व्या शतकात तयार केलेला. मध्ये पारा दिसतो म्हणून तो ‘पाऱ्याचा’ समजला जातो. प्रत्यक्षात तापमान मोजतं ते एका बाजूचं अल्कोहोल. पारा फक्त दर्शक ढकलतो. यात तीन गोष्टी सांभाळा. किमान बाजूची मोजपट्टी उलटी असते, वर गेलं की आकडा कमी होतो. दर्शकाचं पाऱ्याकडचं, खालचं टोक वाचायचं. आणि दोन्ही बाजूंच्या पाऱ्याची टोकं एकच तापमान दाखवतात का ते रोज बघायचं. फरक दिसला तर धागा तुटलाय, मग त्या दिवसाच्या नोंदीवर भरवसा ठेवू नका.

तो टांगायचा कुठे? उन्हातल्या भिंतीवर टांगला तर तो भिंतीचं आणि उन्हाचं तापमान सांगेल, हवेचं नाही. वेधशाळेची पांढरी झरोक्यांची पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असते आणि तिचं दार उत्तरेला उघडतं, म्हणजे वाचताना ऊन आत येत नाही. सावली, खेळती हवा आणि ही उंची एवढं घरीही जमतं.

उकळत्या पाण्यात १०० का येत नाही?

पुण्यात येणारच नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला आणखी कमी. थर्मामीटर बरोबर असताना मुलं आकडा ‘सुधारून’ १०० लिहितात, तेव्हा वाईट वाटतं.

दुसरं कारण म्हणजे बाहेर राहिलेली नळी. ज्या थर्मामीटरवर बुडवण्याची खूण नसते, त्यात वाचायच्या आकड्यापर्यंतचा सगळा द्रव मोजायच्या पदार्थात बुडालेला असणं अपेक्षित असतं. समजा पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये आकडा ९० आहे, ६० अंशांइतका धागा बाहेर आहे आणि तिथली हवा ३० अंश आहे. मग ०.०००१६ (पारा आणि काच यांच्या प्रसरणातला फरक) गुणिले ६० गुणिले ६० (९० वजा ३०), म्हणजे जवळपास ०.६ अंश कमी दिसतात. लाल द्रवाच्या थर्मामीटरमध्ये हीच चूक साधारण सहापट होते, साडेतीन अंशांपर्यंत. डोळा मात्र दोन्हींत पातळीच्या समोर हवा: पाऱ्याच्या फुगीर टोकाचा माथा वाचा, लाल द्रवाच्या खोलगट टोकाचा तळ.

कोणता द्रव, कशासाठी

पाणी का नाही, हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जायचा आणि तो मला फार आवडतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जास्त आकसलेलं असतं. त्यामुळे पाण्याच्या थर्मामीटरमध्ये ० आणि ८ अंशांना पातळी जवळपास एकच असेल. शिवाय ते शून्याला गोठेल आणि नळी फोडेल.

पारा उणे ३८.८ अंशांना गोठतो आणि ३५७ अंशांच्या जवळ उकळतो, म्हणून उष्णतेच्या कामाला तो उत्तम. कडाक्याच्या थंडीत निरुपयोगी: अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक केंद्रावर १९८३ साली उणे ८९.२ अंश नोंदले गेले, तिथे तो घट्ट धातू होऊन बसला असता. अल्कोहोल उणे ११४ पर्यंत द्रव राहतं. शाळेतला लाल थर्मामीटर ११० अंशांपर्यंत जातो, तेव्हा आत बहुधा रॉकेलसारखं रंगवलेलं तेल असतं, नाव काहीही असो. ज्याची मोजपट्टी ५० अंशांना संपते, तो पाकात बुडवू नका. तापासाठी पाऱ्याऐवजी आता गॅलिनस्टन, म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथिलाचा मिश्रधातू वापरलेले थर्मामीटर मिळतात. तो उणे १९ च्या सुमारास गोठतो. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने २०२० ही पाऱ्याच्या थर्मामीटरांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्याची मुदत ठरवली, तेव्हा नवा घेताना पाऱ्याचा शोधत बसू नका.

जुना घरी असेल आणि फुटला तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर नको, दोन्हींनी पारा पसरतो आणि वाफ वाढते. मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा, अंगठी-बांगड्या काढून ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. मोरीत ओतू नका.

आणि राहिलेल्या थर्मामीटरची वर्षातून एकदा परीक्षा घ्या. कुटलेला बर्फ भांड्यात दाबून भरा, थोडं पाणी घाला, ढवळा, शून्याच्या खुणेपर्यंत थर्मामीटर बुडवा आणि पाच मिनिटं थांबा. काच वर्षानुवर्षं किंचित आकसत राहते, त्यामुळे जुन्या थर्मामीटरचा शून्य थोडा वर सरकलेला मिळेल. अर्धा अंश वर असेल तर फेकू नका. ‘अर्धा वजा’ अशी चिठ्ठी करून त्याच्या डबीला चिकटवा.